तिची भाषा डच होती, एवढी एक ओळ पाटीवर घाला

प्रति,
एसोपस टाऊनचे इतिहासकार
आणि अल्स्टर काउंटीचे सर्व लोकप्रतिनिधी,
न्यूयॉर्क राज्य

स. न. वि. वि.

पत्र मराठीत लिहिते आहे. माझी मुलगी त्याचं इंग्रजी करेल आणि दोन्ही कागद एकाच पाकिटात घालून तुम्हाला पाठवेल. मराठी कागद तुम्हाला वाचता येणार नाही, तरी तो फेकू नका. न कळणाऱ्या भाषेतला कागद हातात आला की माणसाला थोडं अवघडल्यासारखं होतं. माझा विषय त्या अवघडलेपणाचाच आहे.

मी निवृत्त प्राथमिक शिक्षिका. मुलगी नदीपलीकडे पकिप्सीला राहते (या गावाचं स्पेलिंग मला अजून पाठ झालेलं नाही, आणि चौतीस वर्षं मी पोरांना शुद्धलेखन शिकवलं!). बाळंतपणाच्या निमित्ताने आले आणि पाच महिने राहिले. संध्याकाळी नातवाला ढकलगाडीत घालून आम्ही हडसन नदीवरच्या जुन्या रेल्वेपुलावरून चालायला जायचो. पूल सव्वा मैलाहून थोडा जास्त आहे. पलीकडच्या टोकाला, हायलंडच्या बाजूला, सोजर्नर ट्रुथ यांचा सात फुटी ब्राँझचा पुतळा आहे. तो २६ ऑगस्ट २०२० रोजी बसवला. त्यांच्या झग्याच्या घड्यांमध्ये चित्रं आहेत, अक्षरं आहेत, आंधळ्यांसाठी ब्रेलही आहे. माझा नातू त्या घड्यांवरून बोटं फिरवायचा, आणि मी मुलीला विचारायचे, ही बाई कोण?

मुलीने सांगितलं ते मी आधी ऐकलेलंच होतं. गुलामगिरीविरुद्ध आणि बायकांच्या हक्कांसाठी देशभर फिरून बोलणारी, लिहिता-वाचता न येणारी, सहा फुटांच्या आसपास उंचीची बाई. मग मुलीने लायब्ररीतून त्यांचं आत्मकथन आणलं. १८५०चं. सांगितलं त्यांनी, लिहून घेतलं ऑलिव्ह गिल्बर्ट या बाईंनी. मुलगी वाचून मराठीत सांगायची, मी लसूण सोलता सोलता ऐकायचे. एका जागी माझा हात थांबला.

तुम्हाला ही गोष्ट माझ्यापेक्षा चांगली ठाऊक असणार. तरी मी मांडते, कारण मागणी त्यावरच उभी आहे.

१७९७च्या सुमारास तुमच्या एसोपसमध्ये, स्वार्टकिलच्या भागात, कर्नल योहानेस हार्डेनबर्ग यांच्या मालकीत एक मुलगी जन्मली. नाव इझाबेला, हीच पुढे सोजर्नर ट्रुथ. बाप जेम्स, उंच, सरळसोट, म्हणून त्याला बॉमफ्री म्हणत. डचमध्ये बॉम म्हणजे झाड. आई एलिझाबेथ, जिला पोरं माउ-माउ बेट म्हणायची. दहा-बारा भावंडं झाली, त्यातली बहुतेक विकली गेली. पाच वर्षांचा मायकेल आणि तीन वर्षांची नॅन्सी यांना न्यायला बर्फात घसरगाडी आली. मुलगा गाडीत बसायला मिळणार म्हणून खूश झाला, आणि बहिणीला गाडीच्या पेटीत बंद करताना बघून धावत घरात जाऊन पलंगाखाली लपला. तिथून त्याला ओढून काढलं. इझाबेलाने ही गोष्ट आईच्या तोंडून ऐकली, आणि ऐकली ती डच भाषेत. रात्री आई पोरांना आभाळाखाली बसवायची आणि दाखवायची, हेच तारे आणि हाच चंद्र तुमच्या विकलेल्या भावंडांच्याही डोक्यावर आहे. तेही डचमध्ये. प्रार्थना शिकवली तीही डचमध्ये. हडसनच्या खोऱ्यातल्या डच जमीनदारांच्या घरी मालक, नोकर, गुलाम सगळे तीच भाषा बोलत. इझाबेलाला इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता.

नऊएक वर्षांची असताना तिचा लिलाव झाला. मेंढ्यांच्या कळपासकट, शंभर डॉलरला. घेणारा जॉन नीली, आणि त्याच्या घरात बोलणं इंग्रजीत. तळायचा तवा आण म्हणून सांगितलं की ही चुलीवर भांडी टांगायचे आकडे घेऊन यायची. काय मागितलं ते तिला कळायचं नाही. मालकीण भडकायची. एका रविवारी सकाळी तिला गोठ्यात पाठवलं. तिथे मालक निखाऱ्यात तापवलेल्या आणि दोरीने बांधलेल्या छड्यांची मोळी घेऊन उभा होता. हात बांधून त्याने इतकं मारलं की मांस फाटून रक्त वाहिलं. ते वळ तिच्या अंगावर मरेपर्यंत राहिले.

तवा आणि आकडे. इथे माझा हात थांबला.

१९८४ साली माझी पहिली नेमणूक सातपुड्यात, धडगाव तालुक्यातल्या एका पाड्यावर झाली. तेव्हा तो भाग धुळे जिल्ह्यात होता. दोन शिक्षकांची शाळा, कुडाच्या भिंती. पोरं पावरी बोलणारी, मी साताऱ्याकडची. पुस्तक मराठीत, मी मराठीत, तपासणीला येणारे साहेब मराठीत. एके दिवशी फळा पुसायचा होता. पहिल्या रांगेतल्या एका मुलाला म्हटलं, फडकं आण. तो उठला, बाहेर गेला आणि केरसुणी घेऊन आला. वर्ग हसला. मला वाटलं, मुद्दाम केलं. मी त्याच्या तळहातावर फूटपट्टी मारली. दोनदा. तो रडला नाही. केरसुणी धरून तसाच उभा राहिला, कारण ती आता कुठे ठेवायची हेही त्याला कळत नव्हतं.

त्यानंतर मी एक वही केली, दोन रकान्यांची. डाव्या बाजूला मराठी शब्द, उजव्या बाजूला पोरं सांगतील तो पावरी. तीन महिन्यांत वही भरत आली. पण तो मुलगा दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेत आला नाही. ऊसतोडीला गेले म्हणाले घरचे.

मी माझी गोष्ट इझाबेलाच्या शेजारी ठेवत नाही. त्या मुलाला कोणी विकलेलं नव्हतं, त्याला संध्याकाळी घर होतं, घरात त्याची भाषा होती. एवढंच सांगते, की भाषा न कळलेल्या पोराला मारणारा हात कसा उठतो हे मला बाहेरून ऐकून माहीत नाही.

आता मागणी. जन्मगावी या बाईंच्या नावाने जी पाटी उभी असेल तिच्यावर, ‘तिची भाषा डच होती आणि इंग्रजी येत नाही म्हणून तिने लहानपणी मार खाल्ला’ अशा अर्थाची ओळ असावी. आणि एक ओळ डचमध्येही असावी.

तुमच्या राज्यातल्या निळ्या-पिवळ्या पाट्या मी गाडीतून जाता-येता वाचत असते. मुलगी वैतागते, दर दोन मैलांवर थांबायला लावतेस म्हणून. १९२६ पासून त्या लागत आल्या आहेत. ओतीव धातूच्या, आटोपशीर, पाच-सहा ओळींच्या. एवढ्याशा जागेत कुणी काय ठेवलं आणि काय गाळलं हे बघायला मला फार आवडतं. पोरांचे निबंध तपासून ती खोड लागली आहे. आणि तुमच्याकडे १९१९ पासून प्रत्येक गावाने आपला इतिहासकार नेमायचा असा कायदा आहे हे कळल्यावर तर मी थक्क झाले. आमच्याकडे ग्रामसेवकाची जागा दोन दोन वर्षं रिकामी असते. म्हणून पत्राच्या डोक्यावर पहिलं नाव इतिहासकारांचं घातलं. राग मानू नका, लोकप्रतिनिधींनो, पैसे तुम्हीच देणार आहात.

या भाषेच्या ओळीवर एवढा हट्ट का, याचं दुसरं कारण गंमतीचं आहे, आणि संतापाचंही. जगात या बाईंचं एकच वाक्य फिरतं, ‘मी बाई नाही का?’ टी-शर्टावर असतं, भित्तिपत्रकांवर असतं. १८५१च्या मे महिन्यात ओहायोतल्या अ‍ॅक्रन गावी केलेलं त्यांचं भाषण. त्यांच्या ओळखीचे संपादक मॅरियस रॉबिन्सन सभेला हजर होते. त्यांनी महिन्याभरात ते वर्तमानपत्रात छापलं. त्यात हे वाक्य नाही. ते आलं बारा वर्षांनी, १८६३ साली, त्या सभेच्या अध्यक्ष फ्रान्सिस गेज यांनी आठवणीतून लिहिलेल्या मजकुरात. गेजबाईंनी त्यांच्या तोंडी दक्षिणेकडच्या गुलामांची बोली घातली, आणि तेरा पोरं विकली गेल्याचं दुःखही. त्यांना मुलं होती पाच. न्यूयॉर्क राज्यात वाढलेली, डचमध्ये पहिले शब्द बोललेली बाई, आणि जगाच्या कानात तिचा आवाज मात्र अलाबामा-मिसिसिपीचा! म्हणजे आधी नीलीच्या घरात तिची भाषा मारली, नंतर चाहत्यांनी तिला उसनी भाषा दिली. गेजबाई चांगल्या हेतूच्या होत्या, मी मानते. पण वर्गात गप्प बसलेल्या पोराच्या वतीने बोलणारा बाजूचा पोरगाही चांगल्या हेतूचाच असतो, आणि तो हमखास चुकीचं सांगतो.

या उसन्या बोलीचा फायदा कुणाला झाला? बोली दक्षिणेची म्हटली की गुलामगिरीही दक्षिणेची. तुमचं खोरं त्यातून सुटतं. १७९०च्या शिरगणतीत अल्स्टर काउंटीत साधारण दहा माणसांमागे एक माणूस गुलाम होता. न्यूयॉर्क राज्यातली गुलामगिरी ४ जुलै १८२७ रोजी संपली. तोवर इझाबेला नीलीकडून श्रायव्हरकडे १०५ डॉलरला आणि श्रायव्हरकडून ड्यूमाँटकडे १७५ डॉलरला गेलेली होती. ड्यूमाँटने एक वर्ष आधी सोडायचा शब्द देऊन मोडला, तेव्हा १८२६ साली ती तान्ही मुलगी काखेत घेऊन पहाटे चालत बाहेर पडली. व्हॅन वॅगेनन दांपत्याने आसरा दिला आणि तिच्या उरलेल्या काळाचे वीस डॉलर, पोरीचे पाच, ड्यूमाँटला मोजून दिले. पाटीवर ‘डच’ हा एक शब्द आला की वाचणारा विचारेल, गुलाम आणि डच कशी? मग त्याला दक्षिणेकडे बघून चालणार नाही, आजूबाजूच्या डच जमीनदारांच्या दगडी घरांकडेच बघावं लागेल.

मला उलटा प्रश्न विचाराल तो मी आधीच विचारून ठेवते. डच तरी तिची कुठे? ती तर मालकाची भाषा. तिच्या पूर्वजांना आफ्रिकेतून आणलं, त्यांची भाषा कोणती होती याची नोंद कुणी ठेवली नाही, आणि डच लोक १६२६च्या सुमारास या नदीच्या तोंडाशी गुलाम उतरवत होते. हा आक्षेप खरा आहे. मी त्यावर बरेच दिवस विचार केला. पण आईने तारे दाखवले ते याच भाषेत. मालकाकडून आलेली असो, आईच्या तोंडून गेली की ती त्या पोरीची झाली. बापाबरोबरचं ते बोलणंही घ्या. नीलीकडे बाप भेटायला आला तेव्हा घरात तिला काही सांगता येईना. त्याला फाटकापर्यंत सोडायला गेली आणि तिथे सगळं सांगितलं. त्या बापानेच खटपट करून श्रायव्हरला तिला विकत घ्यायला लावलं. फाटकाजवळचं ते बोलणं इंग्रजीत झालेलं नाही.

श्रायव्हरची खानावळ होती. तिथे तिला इंग्रजी आलं. शिव्याही तिथेच शिकले असं त्यांनी स्वतः सांगून ठेवलं आहे. मला हे फार आवडलं. पोर्ट ईवेनला तुम्ही २०१३ साली उभा केलेला पुतळा त्याच वयाचा आहे, हातात दोन बुधले घेतलेली अकराएक वर्षांची पोर. थोर माणसांचे पुतळे आम्हीही उभे करतो, पण ते थोर झाल्यानंतरच्या वयाचे, हात वर केलेले. पाणक्यासारखं ओझं वाहणारं लहान पोर चौकात उभं करायला धाडस लागतं. ते तुम्ही केलं. म्हणूनच तर तुम्हाला पत्र लिहिते आहे.

किंगस्टनला कोर्टाबाहेरही त्यांच्या नावाचा फलक आहे. त्यांच्या पाच वर्षांच्या मुलाला, पीटरला, कायदा मोडून अलाबामाला विकलं होतं, तो मुलगा १८२८ साली त्यांनी कोर्टात भांडून परत मिळवला. त्या खटल्याचे कागद २०२२ साली राज्याच्या अभिलेखागारात सापडले. त्यावर सही म्हणून फुली आहे. परक्या भाषेतल्या कोर्टात, परक्या भाषेतल्या कागदावर एक फुली, आणि पोरगा परत. माझ्या चौतीस वर्षांच्या नोकरीत पालकांच्या सह्यांच्या रकान्यात मी असे किती अंगठे घेतले! कधी तो कागद वाचून दाखवायचा कंटाळाही केला.

जन्मतारखेचं सुचवते. पाटीवर ‘सुमारे १७९७’ असंच राहू द्या, नेमकं करायच्या भानगडीत पडू नका. आमच्या शाळांच्या दाखल्यांवर निम्म्या महाराष्ट्राची जन्मतारीख १ जून आहे. आईबापांना सांगता आली नाही की मास्तर १ जून घालायचे, मीही घातली आहे. इझाबेलाने सोजर्नर ट्रुथ हे नाव स्वतः घेतलं आणि न्यूयॉर्क शहर सोडून चालू पडली, ती तारीख १ जून १८४३. मुलीने हे वाचलं तेव्हा मी मोठ्याने हसले. हवी तर ही १ जून पाटीवर घाला, ही तरी तिने स्वतः निवडलेली.

डच ओळ लिहिताना एक काळजी घ्या. आजच्या अ‍ॅमस्टरडॅमची प्रमाण डच तिथे नको. त्या काळी हडसनच्या खोऱ्यात बोलत ती गावठी, घरगुती डच वेगळी होती. तिचा अभ्यास केलेल्या माणसाला विचारून लिहा. सातारकडच्या म्हातारीच्या तोंडी पुणेरी मराठी घातली तर ती गेजबाईंचीच चूक होईल. आणि ‘किल’ म्हणजे ओढा, ‘स्वार्ट’ म्हणजे काळा, हे जमलं तर कोपऱ्यात द्या. मी विचारलं त्या दुकानातल्या पोराला स्वार्टकिलचा अर्थ माहीत नव्हता. त्याला वाटलं, कुणाला तरी मारलं म्हणून ते नाव. रोज त्या ओढ्यावरून जातो बिचारा.

बाहेरची बाई मध्ये का पडते असं कुणाच्या मनात येईल. पण आमची-तुमची जुनी ओळख आहे. १८७३ साली पुण्याच्या जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक तुमच्या देशातल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं, गुलामांना मुक्त केलं म्हणून, आणि आमच्या लोकांनी शूद्र बांधवांच्या बाबतीत तोच कित्ता गिरवावा म्हणून. त्या वर्षी सोजर्नर ट्रुथ हयात होत्या, पंच्याहत्तरीच्या आसपास, मिशिगनमध्ये. फुल्यांनी त्या अर्पणपत्रिकेत तुमचं जरा जास्तच कौतुक केलं असं मला आता वाटतं. पण उसनं घेतलेलं कौतुक फेडायची संधी रोज येत नाही.

मजकुराचा कच्चा खर्डा देते. ओळी मोजल्या आहेत, पाटीत बसतील:

‘इझाबेला, पुढे सोजर्नर ट्रुथ. या परिसरात सुमारे १७९७ साली गुलामगिरीत जन्म. मालक कर्नल हार्डेनबर्ग. आई बेट, वडील जेम्स. भाषा डच. नवव्या वर्षी मेंढ्यांसह विकली. इंग्रजी येत नाही म्हणून फटके.’

खाली डच ओळ. ‘थोर’, ‘महान’, ‘प्रेरणादायी’ हे शब्द मी घातलेले नाहीत, तुम्हीही घालू नका. जागा कमी पडली तर माझ्या खर्ड्यातलं कर्नलसाहेबांचं ‘कर्नल’ गाळा, आई-वडिलांची नावं गाळू नका.

मी १८ तारखेला परत जाते आहे. उत्तर मुलीच्या पत्त्यावर पाठवा, ती फोनवर वाचून दाखवेल. पाटी लागली तर तिचा फोटो हवा, पण जवळून काढलेला, अक्षरं वाचता येतील असा. ती दोन रकान्यांची वही घरी कपाटात आहे. शेवटची आठ पानं कोरी राहिली आहेत, फोटो तिथे चिकटवीन.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
सातारा